माझं क्रीचर मेलं का वाचलं? मॅजिकच्या किचकट रुल्सची भांडणं सोडवायची कशी

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम खेळताना भांडण लागलं की दोन्हीकडचं वाक्य एकच असते, "अबे पण कार्डवर तसंच लिहून आहे ना!" आणि बरेचदा दोघांच्याही कार्डवर खरंच तसंच लिहून असते, म्हणून तर भांडण होते. १९९३ पासून हा गेम चालू आहे, हजारो कार्ड निघाले, आणि पूर्ण नियमांची फाइल अडीचशे पानांच्या वर जाते. ती कोणी पाठ करत नाही, स्पर्धेतले जजसुद्धा अडलं की उघडून पाहतात. आपल्यासारखे नागपुरात बर्डीच्या एखाद्या कॅफेत नाहीतर धरमपेठेत कोणाच्या तरी हॉलमध्ये कूलरसमोर बसून खेळणारे, आपल्याजवळ जज कुठून येणार, त्यामुळे आपलं आपल्यालाच निस्तरावं लागते.

हे लिहून राहिलो ते ज्यांना लँड, माना, टॅप, अटॅक, ब्लॉक एवढं येते त्यांच्यासाठी. अगदीच नवीन असाल तर आधी चार-पाच गेम खेळा, मग या.

माझी पद्धत अशी आहे की भांडण लागलं की पहिले दोन्ही कार्ड मोठ्याने वाचायचे, अक्षर न् अक्षर, "हो रे माहीत आहे मले" असं म्हणून सोडायचं नाही. मग विचारायचं की ही गोष्ट स्टॅकवर जाते का नाही. आणि मग विचारायचं की गेम चेक कधी करते. ह्या तीन गोष्टीत जवळपास सगळं सुटते, जे उरते ते लेयर्समध्ये उरते आणि ते भल्लं डोकं खाते, त्याच्यावर शेवटी येतो.

स्टॅक म्हणजे टाकलेले स्पेल आणि ॲबिलिटी आपला नंबर यायची वाट पाहत थांबतात ती जागा, भांड्यांची उतरंडच, सगळ्यात वर जे ठेवलं ते सगळ्यात आधी निघते. समजा तुमच्याजवळ ग्रिझली बेअर्स (अस्वल) आहे, २/२, म्हणजे पॉवर २ आणि टफनेस २. समोरच्याने त्याच्यावर लायटनिंग बोल्ट मारला, ३ डॅमेज. तुमच्या हातात जायंट ग्रोथ आहे, टर्न संपेपर्यंत +३/+३. तुम्ही बोल्टच्या रिस्पॉन्समध्ये ग्रोथ टाकला तर ग्रोथ वर आहे, तो आधी रिझॉल्व्ह होते म्हणजे लागू होते, अस्वल ५/५ होते, मग बोल्ट येऊन ३ डॅमेज करते, अस्वल वाचलं. आता उलटं करा. तुम्हीच आधी हौसेने ग्रोथ टाकला आणि त्याच्या रिस्पॉन्समध्ये समोरच्याने बोल्ट मारला. बोल्ट वर, बोल्ट आधी, अस्वल २/२ असतानाच मेलं, आणि ग्रोथला आता टार्गेटच नाही म्हणून तो पण वाया. तेच दोन कार्ड, तेच अस्वल, नुसता क्रम बदलला. म्हणून ज्याला घाई नाही तो जिंकते, इन्स्टंट म्हणजे कधीही टाकता येणारं कार्ड आहे तर गरज पडेपर्यंत हातात ठेवा ना.

इथे एक शंका हमखास येते: पहिल्या केसमध्ये टर्न संपल्यावर +३/+३ निघून गेलं की अस्वल परत २/२ आणि अंगावर ३ डॅमेज, मग तेव्हा मरायला नको का? नाही मरत. क्लीनअप स्टेपमध्ये डॅमेज पुसणं आणि "टर्न संपेपर्यंत"वाले इफेक्ट जाणं एकाच वेळी होते, मधात फट नाही.

दुसरी गोष्ट, स्टॅक सगळा एकदम खाली येत नाही. दोघांनीही पास केलं की फक्त वरची एक गोष्ट रिझॉल्व्ह होते, मग परत प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायची संधी, मिळते, ज्याची टर्न आहे त्याला आधी. म्हणजे स्टॅकवर तीन गोष्टी असतील तर मधात थांबून आणखी काही टाकता येते. आपल्याकडे घाईघाईत "हे झालं, ते झालं, हे पण झालं" असं करून तिन्ही उचलतात आणि मग कोणीतरी म्हणते थांब बे मला मधात टाकायचं होतं. तर एकेक उचला, बोलून उचला.

स्टॅकवर काय जात नाही हे पण माहीत पाहिजे. लँड खेळणं स्टॅकवर जात नाही. मानासाठी लँड टॅप करणं जात नाही. आणि कॉस्ट भरणं जात नाही, ह्याच्यावर तर काय काय भांडणं पाहिली. ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटीमध्ये कोलनच्या डावीकडे जे आहे ती कॉस्ट, उजवीकडे जे आहे तो इफेक्ट. डावीकडे "सॅक्रिफाइस अ क्रीचर" असेल तर ते क्रीचर त्याच क्षणी गेलं, "मी रिस्पॉन्समध्ये त्यालाच मारतो, मग तू काय सॅक्रिफाइस करशील" हे चालत नाही. रिस्पॉन्स द्यायची संधी येते तोपर्यंत पैसे गल्ल्यात गेलेले असतात.

आणि ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की ती ज्याच्यातून निघाली त्याचं काही झालं तरी तिला फरक पडत नाही. प्रॉडिगल सॉर्सरर नावाचं जुनं कार्ड आहे, १/१, टॅप करून कोणालाही १ डॅमेज. त्याने टॅप केलं, तुम्ही रिस्पॉन्समध्ये त्याला मारलं, ठीक आहे, मारलं. डॅमेज तरीही येणार. ॲबिलिटी थांबवायची असेल तर ॲबिलिटीलाच काउंटर म्हणजे रद्द करणारं कार्ड लागते, किंवा त्याने टॅप करायच्या आधीच मारायचं होतं.

आता गेम चेक कधी करते ते. नियमांच्या फाइलीत ह्याला स्टेट-बेस्ड ॲक्शन्स म्हणतात, नंबर ७०४. लाइफ शून्य झालं का, टफनेस शून्य झाला का, टफनेसएवढं डॅमेज झालं का, एकाच खेळाडूजवळ एकाच नावाचे दोन लेजंडरी आहेत का, १० पॉइझन झाले का, हे सगळं गेम आपोआप तपासते, पण कोणाला तरी प्रायॉरिटी मिळायच्या बरोब्बर आधी. स्पेल रिझॉल्व्ह होत असताना मधात तपासत नाही. हे वाक्य लहान आहे पण ह्याच्यात जे बसते ते पाहा.

टारमोगॉइफ, २००७ च्या फ्यूचर साइट सेटमधलं. त्याची पॉवर म्हणजे सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या-वापरलेल्या कार्डांचा ढीग) मिळून कार्डांचे जितके प्रकार आहेत तेवढी, आणि टफनेस त्याच्याहून एक जास्त. समजा ग्रेव्हयार्डमध्ये फक्त एक क्रीचर आणि एक लँड पडून आहे, म्हणजे प्रकार दोन, गॉइफ २/३. समोरच्याने हसत हसत बोल्ट मारला, ३ डॅमेज, टफनेस ३, गेलं ना? नाही गेलं. बोल्ट रिझॉल्व्ह होताना ३ डॅमेज करते, आणि रिझॉल्व्ह होण्याचाच शेवटचा भाग म्हणून बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जाते. त्यानंतर गेम तपासते. आता ग्रेव्हयार्डमध्ये क्रीचर, लँड आणि इन्स्टंट, प्रकार तीन, गॉइफ ३/४, अंगावर डॅमेज ३. वाचलं. ज्याने मारला त्यानेच वाचवलं. पण हेच जर ग्रेव्हयार्डमध्ये आधीपासून एक क्रीचर आणि एक इन्स्टंट असता, तर गॉइफ २/३ च होता, पण बोल्ट खाली गेल्याने नवीन प्रकार काही वाढला नसता आणि गॉइफ मेला असता. म्हणून गॉइफला मारायच्या आधी दोन्ही ग्रेव्हयार्ड उचलून पाहायचे, लाज नाही वाटून घ्यायची, ग्रेव्हयार्ड सगळ्यांना पाहायची मुभा आहे.

ह्याच चेकमधला दुसरा घोळ इंडिस्ट्रक्टिबलचा. इंडिस्ट्रक्टिबल म्हणजे डिस्ट्रॉय होत नाही एवढंच, अमर नाही. टफनेस शून्य झाला तर गेम त्याला डिस्ट्रॉय करत नाही, सरळ ग्रेव्हयार्डमध्ये टाकते, म्हणून −१/−१ काउंटर (क्रीचरवर ठेवायची खूण) लावत लावत इंडिस्ट्रक्टिबललाही संपवता येते. सॅक्रिफाइस करायला लावा, तरी जाते. एक्झाइल करा म्हणजे गेमबाहेर काढा, तरी जाते.

त्याचाच भाऊ हेक्सप्रूफ. हेक्सप्रूफ म्हणजे ऑपोनंटच्या स्पेल आणि ॲबिलिटी त्याला टार्गेट करू शकत नाहीत. रॅथ ऑफ गॉडवर काय आहे, सगळे क्रीचर डिस्ट्रॉय करा. त्यात टार्गेट हा शब्द आहे का? नाही. मग हेक्सप्रूफ मेलं, विषय संपला. डायबॉलिक एडिक्टमध्ये टार्गेट आहे पण तो प्लेयर आहे, क्रीचर नाही, त्या प्लेयरने एक क्रीचर सॅक्रिफाइस करायचं, आणि त्याच्याजवळ एकच हेक्सप्रूफ क्रीचर असेल तर तेच जाणार. लोक इथे भल्ले चिडतात, कारण त्या एका क्रीचरवर त्यांनी सगळे ऑरा लावून ठेवलेले असतात. प्रोटेक्शन थोडं वेगळं आहे, प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट असेल तर व्हाइटचं डॅमेज लागत नाही, व्हाइट ऑरा-इक्विपमेंट टिकत नाही, व्हाइट क्रीचर ब्लॉक करू शकत नाही आणि व्हाइट गोष्टी टार्गेट करू शकत नाहीत. ह्या चार सोडून पाचवं काही नाही. रॅथ व्हाइट आहे, पण चारातलं एकही करत नाही, म्हणून प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइटवालं पण मेलं.

ट्रिगर म्हणजे काही घडलं की आपोआप सुरू होणारी ॲबिलिटी, ती ओळखायची कशी? वाक्य व्हेन, व्हेनेव्हर किंवा ॲट ने सुरू होत असेल तर तो ट्रिगर, स्टॅकवर जाते, रिस्पॉन्स देता येते. वाक्यात "इन्स्टेड" असेल तर तो ट्रिगर नाही, तो घटनाच बदलून टाकते, जे व्हायचं होतं ते झालंच नाही असं धरायचं. ब्लड आर्टिस्ट म्हणते की क्रीचर मेलं की टार्गेट प्लेयरचं १ लाइफ जाते आणि तुम्हाला १ मिळते. रेस्ट इन पीस म्हणते की कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जायचं असेल तर त्याऐवजी एक्झाइल होते. दोन्ही टेबलावर आहेत आणि क्रीचरला लीथल डॅमेज झालं. ब्लड आर्टिस्ट ट्रिगर होते का? मॅजिकमध्ये मरणं म्हणजे टेबलावरून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं, आणि इथे ग्रेव्हयार्डमध्ये कोणी गेलंच नाही. काहीच ट्रिगर होत नाही. ब्लड आर्टिस्टचा अख्खा डेक मुका होऊन बसते.

कमांडर हा मॅजिकचा प्रकार खेळणाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवा. आधी कमांडर (डेकचं मुख्य क्रीचर) मरताना सरळ कमांड झोनमध्ये (त्याच्या राखीव जागेत) पाठवता येत होतं, त्यामुळे "मेला" असं गेम मानत नव्हती. २०२० मध्ये हे बदललं, आता कमांडर आधी ग्रेव्हयार्डमध्ये पडते, म्हणजे मरते, ट्रिगर होतात, आणि मग पाहिजे तर कमांड झोनमध्ये आणता येते. कोणी जुना आर्टिकल दाखवून वाद घालत असेल तर आधी त्याची तारीख पाहा.

दोन ट्रिगर एकाच वेळी आले तर? ज्याची टर्न आहे त्याचे आधी स्टॅकवर जातात, मग बाकीच्यांचे टर्नच्या क्रमाने. आधी गेले म्हणजे खाली गेले, म्हणजे शेवटी रिझॉल्व्ह होणार. आता दोघांजवळही ब्लड आर्टिस्ट आहे, दोघंही १ लाइफवर, तुमची टर्न आहे आणि तुम्ही जोशात एक टोकन सॅक्रिफाइस केलं. दोन्ही ब्लड आर्टिस्ट ट्रिगर झाले, तुमचा खाली, त्याचा वर. त्याचा आधी रिझॉल्व्ह होते, तुमचं लाइफ शून्य, गेम तपासते, तुम्ही हरले. तुमच्याच टर्नमध्ये, तुमच्याच सॅक्रिफाइसने. हेच त्याच्या टर्नमध्ये केलं असतं तर तुम्ही जिंकले असते.

ओब्लिव्हियन रिंग हे कार्ड ट्रिगर समजून घ्यायला एक नंबर आहे. त्याच्यावर दोन वेगळे ट्रिगर आहेत: टेबलावर आली की लँड सोडून दुसरं एक परमनंट (टेबलावर राहणारं कार्ड) एक्झाइल, आणि टेबलावरून गेली की ते परत. आता पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच रिंग टेबलावरून गेली, तुम्हीच घालवली समजा. दुसरा ट्रिगर वर येऊन बसला, तो आधी रिझॉल्व्ह, परत आणायला काही नाही कारण एक्झाइल अजून झालंच नाही. मग पहिला रिझॉल्व्ह होते, एक्झाइल झालं, आणि आता परत आणणारा कोणी उरला नाही. कायमचं गेलं. चीटिंग वाटते, पण नियमात बसते. नंतरच्या बॅनिशिंग लाइटसारख्या कार्डांवर म्हणूनच एकच वाक्य "अंटिल" लावून लिहितात, तिथे कार्ड आधीच गेलं तर एक्झाइल होतच नाही.

कॉम्बॅटचं पटकन सांगतो. एकदा ब्लॉक झालं की ब्लॉक झालं, नंतर ब्लॉकरला मारलं तरी अटॅकरचं डॅमेज प्लेयरला लागत नाही, फक्त ट्रॅम्पल (उरलेलं डॅमेज प्लेयरला जाऊ देणारी ॲबिलिटी) असेल तर लागते. डेथटच (थोडंही डॅमेज क्रीचरला जीवघेणं) आणि ट्रॅम्पल एकत्र असेल तर प्रत्येक ब्लॉकरला १ डॅमेज पुरते, म्हणजे ६/६ ला ५/५ ने ब्लॉक केलं तर १ ब्लॉकरला आणि ५ तुमच्या अंगावर. कॉम्बॅट डॅमेज २००९ पासून स्टॅकवर जात नाही, जुने खेळाडू "डॅमेज स्टॅकवर ठेवून सॅक्रिफाइस करायचो आम्ही" सांगतात ते खरं आहे, पण ते दिवस गेले. आणि एका अटॅकरला दोघा-तिघांनी ब्लॉक केलं तर आधी क्रम सांगायचा जो नियम होता तो २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटच्या वेळी काढून टाकला, आता डॅमेज वाटताना हवं तसं वाटा. लाइफलिंक (जेवढं डॅमेज तेवढं लाइफ) पण ट्रिगर नाही, डॅमेजसोबतच लाइफ वाढते, वेगळं थांबायचं नाही.

आता लेयर्स, नियम ६१३. एकाच क्रीचरवर चार-पाच इफेक्ट बसले की कोणता आधी लावायचा त्याचा ठरलेला क्रम. आधी कॉपी, मग कंट्रोल, मग टेक्स्ट, मग टाइप, मग कलर, मग ॲबिलिटी देणं-काढणं, आणि सातव्यात पॉवर-टफनेस. सातव्यातही आधी "इतका आहे" असं ठरवणारे आणि नंतर वाढवणारे-कमी करणारे, काउंटर धरून. रोजच्या खेळात सातवाच कामात पडते. अस्वलावर जायंट ग्रोथ टाकला, ५/५ झालं. मग समोरच्याने टर्न टू फ्रॉग मारला, म्हणजे ॲबिलिटी गेल्या आणि बेस १/१ चा निळा बेडूक. लोकांना वाटते नंतर आलेला जिंकेल, बेडूक १/१. नाही. बेस ठरवणारा आधी लागते, +३/+३ नंतर, टाकला कोणी कधीही असो. बेडूक ४/४. मोठा बेडूक, पण ४/४.

टाइपच्या लेयरमधलं एक उदाहरण देतो कारण हे नक्की कोणीतरी विचारेल. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ सांगते की सगळ्या लँड बाकी जे आहेत त्यासोबत स्वॅम्प पण आहेत. ब्लड मून सांगते की सगळ्या नॉनबेसिक लँड माउंटन आहेत. दोन्ही टाइपवालेच, एकाच लेयरमधले, मग जो नंतर आला तो नंतर लावायचा का? साधारणपणे हो, पण इथे नाही. अर्बोर्ग स्वतः नॉनबेसिक आहे, ब्लड मून लागला की तो माउंटन होते आणि त्याची ॲबिलिटीच उडते. म्हणजे अर्बोर्गचा इफेक्ट राहणार की नाही हे ब्लड मूनवर अवलंबून आहे, असं असलं की ज्याच्यावर अवलंबून आहे तो आधी लावायचा, टेबलावर कोणीही आधी आलेला असो. उत्तर: अर्बोर्ग नुसता माउंटन, आणि त्याच्यामुळे स्वॅम्प झालेली लँड एकही नाही. ह्याच्याही पुढे ह्युमिलिटी आणि ओपलेसन्स एकत्र आलेलं प्रसिद्ध प्रकरण आहे, ते टेबलावर सोडवायच्या भानगडीत पडू नका, कोणी ते दोन्ही डेकमध्ये घालून आलाच तर त्यानेच उत्तर छापून आणावं.

कार्डात आणि नियमात, नाहीतर कार्डात आणि कार्डात लढाई झाली तर दोन सोपे नियम आहेत, फाइलीत अगदी सुरुवातीला दिलेले. कार्ड आणि नियम भिडले तर कार्ड जिंकते. एक कार्ड "करता येते" म्हणते आणि दुसरं "करता येत नाही" म्हणते तर "येत नाही" जिंकते. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

आणि जुनं कार्ड हातात असेल तर त्याच्यावर छापलेलं शेवटचं समजू नका. अधिकृत मजकूर बदलत राहते, छापलेलं कार्ड तसंच राहते. विझार्ड्सचं गॅदरर किंवा स्क्रायफॉल उघडा, कार्डचं नाव टाका, आजचा मजकूर दिसते आणि स्क्रायफॉलवर खाली त्या कार्डचे रुलिंग्स पण दिसतात. बऱ्याच वेळा तुमचं भांडण तिथे शब्दशः लिहून असते.

नेट नाही, उत्तर सापडत नाही, आणि मे महिन्यात दुपारी लाइट जायच्या आत गेम संपवायचा आहे, तेव्हा टेबलाचा फोटो काढा, कोणाची टर्न, कोणाचं लाइफ किती हे त्यात दिसेल असा, डाइस टाका आणि जे येईल ते त्या गेमपुरतं धरा. नंतर शोधून उत्तर ग्रुपवर टाका, दोन्ही कार्डांच्या नावासकट, नुसतं "मी बरोबर होतो" असं नाही. आणि फॉइल कार्ड कूलरच्या समोर ठेवू नका बाप्पा, दमट हवेने वाकतात, मग वाकलेलं कार्ड मार्क्ड (मागून ओळखू येणारं) आहे का नाही ह्याच्यावर वेगळं भांडण.